अणुवैद्यकातील प्रारण-सुरक्षा : नोंद आणि संरक्षण

अणुवैद्यक विभागातील कर्मचाऱ्यांच्या सुरक्षेचा विचार बहुधा छातीवरील टीएलडी बिल्ल्यापाशी थांबतो. अणुऊर्जा नियामक मंडळाने (स्थापना १९८३) त्यांच्यासाठी पाच वर्षांच्या सरासरीने वार्षिक २० आणि कोणत्याही एका वर्षी ३० मिलिसिव्हर्ट अशी मर्यादा घातली आहे. २००४ च्या नियमांनी प्रारण-सुरक्षा अधिकाऱ्याची कर्तव्येही निश्चित केली. नियमांची ही चौकट भक्कम आहे. उणीव आहे ती मापनाच्या व्यवहारात.

बिल्ल्याचे वाचन सामान्यतः तिमाहीनंतर होते. टेक्नेशियम-९९एमचे अर्धायुष्य सहा तासांचे, तर फ्लोरिन-१८ चे सुमारे ११० मिनिटांचे. साहजिकच हाताळणीतील चूक उघड होते, तेव्हा ते द्रव्य केव्हाच लयाला गेलेले असते. शिवाय सिरिंज भरणाऱ्याच्या बोटांना छातीपेक्षा कितीतरी अधिक मात्रा मिळते. हातांसाठी वार्षिक ५०० मिलिसिव्हर्टची स्वतंत्र मर्यादा असली, तरी छातीवरील बिल्ला तिच्याविषयी काहीच सांगत नाही. पेट तपासणीतील ५११ किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या किरणांपुढे शिशाचा नेहमीचा अॅप्रनही जवळजवळ निष्प्रभ ठरतो.

छत्रपती संभाजीनगर येथे मराठवाड्यातील रुग्ण उपचारांसाठी येतात. अशा शहरात रुग्णसंख्या वाढली आणि मनुष्यबळ तेवढेच राहिले, तर वाढीव मात्रा त्याच मोजक्या हातांवर येते. अंगठी-मात्रामापक, सिरिंजला कवच, दररोजचे पृष्ठभाग-सर्वेक्षण आणि प्रत्येक कर्मचाऱ्याला त्याचा आकडा वेळेवर कळविणे, एवढे घडले तरच नोंदीला संरक्षणाचे मूल्य प्राप्त होईल.