निम्मे मोकळे, निम्मे गुंतलेले

डुकरांच्या फार्मवर माद्या लागोपाठ गाभडू लागल्या, दिवस भरत आले असताना मेलेली पिल्लं पडू लागली, की पशुवैद्य रक्त काढून सीरम प्रयोगशाळेत पाठवतो. काही दिवसांनी एक तक्ता परत येतो. डावीकडे कानातल्या बिल्ल्यांचे क्रमांक, वरच्या ओळीत पोमोना, ब्राटिस्लावा, टारासोवी, इक्टेरोहॅमोरॅजी, कॅनिकोला, ग्रिपोटायफोसा अशी लेप्टोस्पायरा जंतूच्या सीरोगटांची, म्हणजे एकमेकांसारख्या प्रकारांच्या गटांची, नावं, आणि खाली चौकटीचौकटीत १००, ४००, ३२०० असे आकडे, नाहीतर नुसती आडवी रेघ. लेप्टोस्पायरोसिसच्या निदानातला हा कागद बरेचजण ‘पॉझिटिव्ह की निगेटिव्ह’ एवढं पाहून फायलीत घालतात. तो सावकाश वाचण्याजोगा आहे. त्याच्यात एक अख्खा कळप बोलत असतो, आणि तो बोलतो ते एखाद्या आकड्यातून कळत नाही. आकड्यांच्या एकमेकांशी असलेल्या नात्यातून कळतं.

ही चाचणी म्हणजे मायक्रोस्कोपिक अ‍ॅग्लुटिनेशन टेस्ट. प्रयोगशाळेत सगळे तिला ‘मॅट’च म्हणतात. १९१८ साली मार्टिन आणि पेटी या फ्रेंच संशोधकांनी तिची मूळ कल्पना मांडली, आणि पुढे कितीही सुधारणा झाल्या तरी गाभा तोच राहिला: जिवंत जंतूंसमोर जनावराचं सीरम आणायचं आणि काय होतं ते डोळ्यांनी पाहायचं. मला या चाचणीचं सगळ्यात मोठं सौंदर्य तिथेच दिसतं. बाकीच्या अनेक चाचण्यांत रंग उमटतो, यंत्र आकडा देतो. इथे साक्ष देतो तो खुद्द जंतू.

पाहण्याची रीतही तशीच देखणी आहे. लेप्टोस्पायरा इतका बारीक, जाडी जेमतेम ०.१ मायक्रॉन, की साध्या उजेडात तो दिसतच नाही. डार्क-फील्ड सूक्ष्मदर्शकाखाली मात्र काळ्याभोर पार्श्वभूमीवर चंदेरी धागे उजळतात, टोकाला आकडी असलेले, स्वतःभोवती गरगर फिरत इकडून तिकडे सरकणारे. ज्या खाचेत नुसतं सलाइन घातलंय तिथे हे धागे अगदी मोकळे असतात. शेजारच्या खाचेत सीरममध्ये प्रतिपिंडं असली तर तेच धागे एकमेकांना चिकटून गोळे होऊन पडलेले असतात, कडेला एखाददुसरा अजून वळवळत असतो. मग सीरम पातळ करत जायचं, १:१००, १:२००, १:४००, आणि प्रत्येक पायरीला पुन्हा पाहायचं.

थांबायचं कुठे? इथला नियम मला फार आवडतो. नजर गोळ्यांवरून काढून मोकळ्या उरलेल्या जंतूंवर ठेवायची. सीरमशिवायचं जंतूंचं द्रावण निम्मं पातळ करून शेजारी ठेवतात. त्याच्याशी तुलना करत, ज्या शेवटच्या पायरीला निम्मे गुंतलेले आणि निम्मे मोकळे दिसतात तो टायटर. गोळ्यांचा आकार फसवू शकतो, मोकळ्यांची दाटी तुलनेने कमी फसवते. तरीही हा निवाडा माणसाच्या डोळ्याचा. दोन अनुभवी वाचकांत एका पायरीचा फरक पडतो आणि तो कोणी मनावर घेत नाही.

आता तक्त्याकडे. पहिली गोष्ट म्हणजे तो आडवा वाचायच्या आधी उभा वाचावा. मॅट ही मुळात कळपाची चाचणी आहे. निदान दहा जनावरं किंवा कळपाच्या दहा टक्के, यांतला जो आकडा मोठा असेल तितके नमुने घ्यावेत असा दंडक आहे. तो पाळला नाही तर स्तंभ उभाच राहत नाही. गाभडलेल्या माद्यांत पोमोनाच्या स्तंभात १६००, ३२०० असे आकडे भरले असतील आणि शेजारच्या स्तंभांत तुरळक १००, २०० असतील, तर ते छोटे आकडे बहुधा पोमोनाचीच सावली असतात. एका सीरोगटाविरुद्धची प्रतिपिंडं दुसऱ्यालाही थोडी चिकटतात. संसर्गाच्या अगदी सुरुवातीला तर सावली मूळ वस्तूपेक्षा मोठी पडते, चुकीचा स्तंभच जास्त चढतो. एकाच मादीच्या एकाच नमुन्यावरून सीरोगट ठरवणाऱ्याची तिथे फसगत होते.

दुसरी गोष्ट रक्ताच्या दोन नमुन्यांची. दोन आठवड्यांनी टायटर चौपट वाढला तर संसर्ग ताजा, हे आपण माणसांच्या वैद्यकातून शिकलेलो. गाभडलेल्या डुकरिणीत ते बसत नाही. संसर्ग होतो आधी, गर्भ पडतो एक ते चार आठवड्यांनी, आणि प्रतिपिंडं साधारण तिसऱ्या आठवड्याला शिखरावर पोहोचलेली असतात. म्हणजे ती गाभडते त्या दिवशी आकडा वर चढून बसलेला असतो किंवा उतरायला लागलेला असतो. दुसरा नमुना तसाच स्थिर आला म्हणून ‘लेप्टो नाही’ लिहून टाकणं ही वाचकाची घाई. न हललेला आकडाही तिथे बोलका असतो.

ब्राटिस्लावाचा स्तंभ मात्र मन जड करतो. युरोपात निरोगी दिसणाऱ्या अनेक कळपांतही तिथे १००, २०० सापडतात. हा जंतू जननमार्गातही मुक्काम करतो, संवर्धनात वाढवायला महाकठीण, आणि गर्भपाताशी त्याचा संबंध त्या छोट्या आकड्यावरून ना सिद्ध होतो ना नाकारता येतो. त्यात लस दिली असेल तर लसीचेही असेच कमी, लवकर ओसरणारे टायटर येतात. लसीची तारीख विचारल्याशिवाय हा स्तंभ वाचूच नये.

आणि मग या शास्त्रातली माझी सगळ्यात आवडती जागा: पडलेल्या गर्भाचं रक्त. डुकरिणीच्या वारेत आईचं रक्त आणि गर्भाचं रक्त यांच्यामध्ये पेशींचे सहा थर असतात. आईची प्रतिपिंडं ते ओलांडत नाहीत. पिल्लाला ती मिळतात जन्मानंतर, चिकातून. ११४ दिवसांच्या गाभणकाळात साधारण सत्तराव्या दिवसापासून गर्भ स्वतः प्रतिपिंडं बनवू शकतो. म्हणून उशिरा पडलेल्या गर्भाच्या सीरममध्ये अगदी खालच्या पायरीला का होईना, जंतू गुंतले, तर ती प्रतिपिंडं त्याची स्वतःची. जंतू गर्भाशयात पोहोचला होता आणि या न जन्मलेल्या जिवाने त्याच्याशी सामना केला होता. आईच्या रक्तातला ३२०० जे ठामपणे सांगू शकत नाही ते हा लहानसा आकडा सांगतो. तरीही मेलेले गर्भ खड्ड्यात पुरले जातात आणि प्रयोगशाळेत फक्त माद्यांचं रक्त जातं, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

मॅटच्या उणिवाही खऱ्या आहेत. जिवंत रोगकारक जंतूंचे कितीतरी वाण सतत जोपासावे लागतात, एकात दुसरा मिसळला तर सगळा तक्ता बिघडतो, आणि चाचणी सीरोगटापर्यंत नेते, नेमक्या सीरोव्हारपर्यंत, म्हणजे गटातल्या एकेका प्रकारापर्यंत, नाही. कोणती मादी आज लघवीतून जंतू टाकतेय हेही ती सांगत नाही. त्यासाठी लघवीची किंवा मूत्रपिंडाची पीसीआर लागते.

हा कागद फार्मच्या कुंपणाबाहेरही वाचला जायला हवा. पोमोना सीरोव्हार प्रथम मिळाला तो १९३७ साली, ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमधल्या पोमोना गावच्या एका दुग्धव्यावसायिक शेतकऱ्याच्या रक्तातून. आणि आल्प्सच्या परिसरात डुकरं राखणाऱ्या पोरांना येणारा ताप याच जंतूचा, डुकरांकडून आलेला, हे १९४०च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये ओटो ग्सेल यांनी दाखवलं. २००५च्या जुलैतल्या पुरानंतर मुंबईने लेप्टोची साथ सोसली, त्यामुळे पाण्यातून चालून आलेल्या माणसाला ताप आला की आपले डॉक्टर आता लेप्टोचा विचार करतात. गोव्यात किंवा कोकणात डुकरं पाळणाऱ्या घरातला, गोठा धुणारा, व्यायला मदत करणारा माणूस तापाने आजारी पडला, तर त्याच्या डॉक्टरांच्या टेबलावर त्या कळपाचा पोमोनाचा स्तंभही असावा.