डोळा तोच, उजेड वेगळा

मागच्या आठवड्यात उल्हासनगरच्या एका एमएस्सीच्या मुलाने त्याच्या पीएचडी मुलाखतीची पहिली स्लाइड मला पाठवली. पडदाभर निळसर दरी, कडेने पांढरे धागे, मधोमध काळंकुट्ट विवर. "ताई, ओळख बघू!" मला आधी एखादा ग्रहच वाटला. निघाला माणसाचा डोळा.

फोटो सुरेन मानवेल्यान यांच्या 'युअर ब्युटिफुल आइज' मालिकेतला. मानवेल्यान अर्मेनियाचे, सैद्धांतिक भौतिकशास्त्रात पीएचडी केलेले. त्यांची ही मालिका साधारण 2010-11 पासून नेटवर फिरतेय. त्यात दाद देण्यासारखं खूप आहे. बुबुळाचा व्यास जेमतेम 12 मिलिमीटर. इतक्या जवळून फोटो काढताना फोकसची खोली मिलिमीटरच्याही खाली जाते, समोरच्याने श्वास घेतला तरी फोटो हलतो. शिवाय पापणी, चेहरा, त्वचा सगळं चौकटीबाहेर ठेवल्यामुळे आकाराचा अंदाजच सुटतो. म्हणून डोळा ग्रह वाटतो. ही करामत मोठी आहे.

पण माझी तक्रारही इथेच सुरू होते. मोजपट्टीच काढून घेतली, की बघणाऱ्याला थक्क होण्याशिवाय काही उरत नाही. ग्रह वाटतो, वाळवंट वाटतं, ज्वालामुखी वाटतो. बुबुळ मात्र वाटत नाही.

दुसरी गोष्ट जास्त टोचते. या मालिकेतले मी सर्वांत जास्त शेअर झालेले पाहिलेत ते फोटो निळ्या, हिरव्या, फिक्या डोळ्यांचे. याला शास्त्रीय कारण आहे. निळ्या डोळ्यात निळं रंगद्रव्य नसतंच. तिथे मेलॅनिन कमी असतं आणि बुबुळाच्या तंतूंमधून लहान तरंगलांबीचा प्रकाश जास्त विखुरतो, म्हणून तो निळा दिसतो. मेलॅनिन कमी, म्हणून आतली वीणही उघडी पडते. आपल्याकडच्या गडद तपकिरी डोळ्यात मेलॅनिन भरपूर, ते दृश्य प्रकाश शोषून घेतं आणि वीण झाकली जाते.

हे मी घरी करून पाहिलं. बदलापूरला सकाळी खिडकीशी बाबांना बसवलं, फोनला क्लिपवाली मॅक्रो लेन्स लावली. (तुम्हीही करा, पण टॉर्च डोळ्यात मारू नका.) पारपटल आरशासारखं चमकतं, त्यामुळे फोटोत आमच्या खिडकीची जाळी स्वच्छ आली आणि मागे नुसता तपकिरी अंधार. बाबा म्हणाले, "काहीच नाहीये गं यात."

आहे की! बाबांची नोकरी अंबरनाथच्या एमआयडीसीत गेली. बोटांच्या रेषा झिजल्यात, हयातीच्या दाखल्याला अंगठा लागत नाही. शेवटी डोळा दाखवला आणि काम झालं. त्या छोट्या यंत्राला जे दिसलं, ते माझ्या फोनला दिसलं नाही. कारण ते यंत्र साधारण 700 ते 900 नॅनोमीटरच्या पट्ट्यातला अवरक्त प्रकाश वापरतं. तिथे मेलॅनिन फारसं आड येत नाही आणि गडद डोळ्याचीही वीण दिसते. 29 सप्टेंबर 2010 रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत पहिली आधार कार्डं दिली गेली. तेव्हापासून आधारसाठी कोट्यवधी डोळ्यांचे असे क्लोज-अप निघालेत. करड्या रंगाचे, भिंतीवर कुणी न लावणारे. पण आपल्या डोळ्यांना न्याय देणारे फोटो तेच.

उलट उदाहरणही बघा. स्टीव्ह मकरी यांनी 1984 मध्ये पेशावरजवळच्या निर्वासित छावणीत एका अफगाण मुलीचा फोटो काढला. पुढे 2002 मध्ये शरबत गुला सापडली, तेव्हा ती तीच मुलगी असल्याची खात्री जॉन डॉगमन यांनी त्या जुन्या फोटोतल्या बुबुळांवरून केली. साध्या रंगीत फिल्मवर हे जमलं याचं एक कारण तिचे हिरवट डोळे, असं मला वाटतं. तीच मुलगी काळ्याभोर डोळ्यांची असती तर? त्या फोटोतून बहुधा काहीच हाती लागलं नसतं. आणि कुणीतरी लिहिलं असतं, "बुबुळात वैशिष्ट्य आढळले नाही."

संशोधनात हे वाक्य फार धोक्याचं. "आढळले नाही" आणि "या उजेडात दिसले नाही" यांत फरक आहे. तुमचा मायक्रोस्कोप असो, स्पेक्ट्रोमीटर असो की प्रश्नावली, आधी विचारायचं: हे साधन कुणाला उजळून दाखवतं आणि कुणाला अंधारात ठेवतं? पद्धतीच्या प्रकरणात तरंगलांबी, वर्धन, मोजपट्टी लिहायला लावतात ती उगाच नाही.

त्या मुलाला मी फोटो काढायला सांगितलं नाही. म्हटलं, ठेव, पण खाली 1 मिलिमीटरची पट्टी टाक आणि शेजारी स्वतःचा डोळा लाव, त्याच लेन्सने, त्याच उजेडात काढलेला. मुलाखतीत कुणी विचारलंच, "तुमच्या डोळ्यात काहीच का दिसत नाही?", तर पुढची दहा मिनिटं तुझीच.