'रामशास्त्री' : एका उपेक्षित बोलपटाचें पुनःपरीक्षण

इतिहाससंशोधनाच्या त्रैमासिकांत बोलपटाचें परीक्षण यावें, हें कित्येक वाचकांस चमत्कारिक वाटेल. कागद, शिलालेख, नाणीं व पोथ्या हीं आपलीं साधनें आणि पडद्यावरचा खेळ ही केवळ करमणूक, अशी वांटणी आपण मनांत करून ठेविली आहे. ही वांटणी पुरती बरोबर नाहीं, असें आम्हांस वाटतें. १८९८ सालीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेच्या पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेंत राजवाड्यांनीं बखरींवर कडक टीका केली. ती टीका रास्त होती. परंतु तिच्यामुळें आपण बखरी टाकून दिल्या नाहींत. बखर ज्या काळाचें वर्णन करते त्या काळाविषयीं तिची साक्ष जपून घ्यावी, आणि ज्या काळांत ती लिहिली गेली त्या काळच्या समजुतींविषयीं मात्र ती आस्थेनें ऐकावी, एवढें तारतम्य आपण शिकलों. तेंच तारतम्य ऐतिहासिक बोलपटांस लाविल्यास त्यांतील एकदोन तरी आज आहेत त्याहून पुष्कळ वरच्या जागीं बसतील. प्रभात फिल्म कंपनीचा 'रामशास्त्री' (१९४४) हा त्यांपैकीं पहिला होय.

प्रभातच्या 'संत तुकाराम' (१९३६) या चित्रपटाचा व्हेनिस येथें गौरव झाला व तो आजहि अभ्यासिला जातो. 'कुंकू', 'माणूस', 'शेजारी' यांचीं नांवें चित्रपटरसिक आदरानें घेतात. 'रामशास्त्री'चें नांव निघालें कीं बालपणांतल्या एका गाण्याची आठवण निघते, आणि तेथेंच बोलणें संपतें. चित्रपटाचे टीकाकार त्यास 'ऐतिहासिक' म्हणून बाजूस ठेवतात. इतिहासाचे अभ्यासक त्यास 'कल्पित' म्हणून बाजूस ठेवतात. दोन घरचा पाहुणा उपाशी, तशी त्याची गत झाली आहे.

१. घडण

प्रभात कंपनी १९२९ सालीं कोल्हापुरांत स्थापन झाली व १९३३ सालीं पुण्यास आली. १९४२ सालीं शांतारामबापू कंपनी सोडून गेले. त्यानंतरच्या पडत्या काळांत हा मोठ्या खर्चाचा चित्रपट मराठी व हिंदी अशा दोन्ही भाषांत निघाला. कथा शिवराम वाशीकर यांची. 'संत तुकाराम'ची कथाहि त्यांचीच. दिग्दर्शनाचें काम राजा नेने, विश्राम बेडेकर व गजानन जागीरदार अशा तिघांच्या हातून गेलें व अखेर जागीरदारांनीं तें तडीस नेलें. रामशास्त्र्यांची भूमिकाहि त्यांनींच केली. बाळपणींचा राम अनंत मराठे यांनीं, त्याची बालवधू बेबी शकुंतला यांनीं व आनंदीबाई ललिता पवार यांनीं केली.

तीन हातांनीं लिहिलेली पोथी ज्यांनीं हाताळली आहे त्यांस या चित्रपटाचे सांधे सहज दिसतील. बालपणाचा भाग मोकळा, खेळकर व गाण्यांनीं भरलेला आहे. पुण्याच्या दरबारांतील भाग जड पावलांनीं चालतो. संवाद पुष्कळ ठिकाणीं रंगभूमीच्या वळणावर जातात. हे दोष आम्ही झांकीत नाहीं. परंतु अक्षर बदललें म्हणून पोथी टाकून देण्याची आपली रीत नाहीं. या चित्रपटाच्या दोन्ही भागांतून एकच सूत्र गेलेलें आहे: विद्येनें माणसास जी प्रतिष्ठा येते ती तिचें ओझें उचलण्यासाठीं येते. अपमान पावलेला अशिक्षित पोर काशीस जाऊन शास्त्री होऊन येतो; पण त्याच्या विद्येची खरी परीक्षा काशीस न होतां शनवारवाड्यांत होते.

आपल्याकडील ऐतिहासिक चित्रपटांची मुख्य परंपरा तलवारीची आहे. बाबूराव पेंटरांचा मूकपट 'सिंहगड' (१९२३), प्रभातचाच 'उदयकाल' (१९३०) व भालजी पेंढारकरांचे पुढील चित्रपट हे सारे रणांगणाचे आहेत, आणि त्यांची थोरवी आम्हांस मान्य आहे. 'रामशास्त्री'चा नायक शस्त्र धरीत नाहीं. तो निकाल सांगतो व नोकरी सोडतो. एवढ्यावर सबंध खेळ रचण्याचें धाडस थोड्यांनींच केलें आहे.

२. 'ध'चा 'मा'

आतां आपल्या विषयाच्या गाभ्याकडे वळूं. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं गारद्यांनीं नारायणराव पेशव्यांचा शनवारवाड्यांत वध केला. राघोबांनीं 'धरावें' असें लिहून दिलें होतें व आनंदीबाईंनीं त्याचें 'मारावें' केलें, ही समजूत शाळेंतल्या पोरासहि ठाऊक आहे. ग्रँट डफनें १८२६ च्या आपल्या इतिहासांत ही हकीकत दिली असून हें अक्षर आनंदीबाईंनीं पालटलें असें मराठ्यांत सर्वसाधारणपणें मानतात, असें म्हटलें आहे. घडलेल्या गोष्टीनंतर अर्धें शतक उलटल्यावर नोंदलेली ही लोकसमजूत होय. ज्या कागदावर अक्षर पालटलें तो मूळ कागद आज कोणाच्याहि दप्तरांत नाहीं.

चित्रपटानें ही परंपरा स्वीकारली आहे, आणि येथें इतिहासाचा अभ्यासक त्यास दोष देणारच. पेशवे दप्तरांतील निवडक कागदांचे पंचेचाळीस भाग गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखालीं १९३० ते १९३४ या वर्षांत छापून झाले होते. म्हणजे चित्रपटकर्त्यांस अधिक सावध होतां आलें असतें. आनंदीबाईंवर तर हा अन्यायच आहे. ज्या स्त्रीविरुद्ध हातांत एकहि अस्सल पुरावा नाहीं, तिला पडद्यावर पाहून पिढ्यान् पिढ्यांनीं गुन्हेगार ठरविलें.

परंतु दोष दाखवून थांबलों तर आपण अर्धेंच परीक्षण केलें असें होईल. पाठचिकित्सेंत एखादा पाठ खोटा ठरल्यावर दुसरा प्रश्न विचारावा लागतो: हा पाठ कोणाच्या सोयीचा आहे? 'ध'चा 'मा' झाला ही कथा राघोबांच्या फार सोयीची आहे. तीमुळें त्यांचा हुकूम केवळ कैदेचा ठरतो, व खुनाचा डाग अंतःपुरांतल्या लेखणीवर जातो. आरोपीच्या बचावाची ही कैफियत लोकांनीं इतिहास म्हणून पाठ केली आहे.

चित्रपटाचें खरें मोल येथें लक्षांत येतें. तो ही कैफियत मान्य करतो, आणि तरीहि शास्त्रीबुवांच्या तोंडून राघोबांस देहान्त प्रायश्चित्तच सांगवितो. अक्षर कोणीहि पालटलेलें असो, हत्यारबंद गारद्यांस पेशव्यांच्या अंगावर सोडण्याचा कागद ज्यानें दिला त्याची जबाबदारी त्या अक्षरानें धुऊन निघत नाहीं. आपस्तंबाच्या धर्मसूत्रांत करविणारा, अनुमति देणारा व प्रत्यक्ष करणारा अशा तिघांसहि कर्मफळाचे वांटेकरी म्हटलें आहे. वाशीकरांनीं तें सूत्र वाचलें होतें कीं नाहीं, या वादांत पडण्याचें कारण नाहीं. त्यांच्या कथेची रचना त्याच न्यायानें झाली आहे. ज्या अक्षराच्या आडून राघोबांस सुटावयाचें होतें, तें अक्षर जसेंच्या तसें गृहीत धरून त्यांस दोषी ठरविणें, हा निकाल अधिक कठोर व अधिक पक्का आहे. हें मर्म आजवर कोणी उकलून दाखविल्याचें आमच्या वाचनांत आलें नाहीं.

३. गोदाकांठचा राघोबा

चित्रपटाची एक उणीव आम्हांस विशेष जाणवते, आणि तिचें कारण आमच्या गांवाच्या स्थानांत आहे. कुंभार पिंपळगांव हें घनसावंगी तालुक्यांतील गांव. तालुक्याच्या दक्षिणेस गोदावरी, आणि पलीकडच्या तीरावर गेवराई तालुक्यांत राक्षसभुवन. १० ऑगस्ट १७६३ रोजीं तेथें निजामअलीच्या फौजेचा मोड झाला व त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर मारला गेला. त्या लढाईंत माधवरावांच्या जोडीस मराठ्यांचे सेनानी राघोबादादा होते. त्यापूर्वीं १७५८ सालीं लाहोरपर्यंत गेलेलेहि तेच. चित्रपटांतील राघोबांस हा मागचा इतिहास नाहीं. ते दुर्बळ मनाचे, पत्नीच्या ओंजळीनें पाणी पिणारे एवढेच दिसतात. मोठा पराक्रम केलेला पुरुष आरोपी म्हणून उभा आहे हें प्रेक्षकास कळतें, तर न्यायाधीशाच्या निकालाचें वजन आणखी वाढतें. सामान्य माणसास शिक्षा सांगणें सोपें असतें. ज्यानें राज्य राखिलें त्यास शिक्षा सांगणें कठीण. राक्षसभुवनच्या विजयानंतर वीस वर्षांनीं, १७८३ सालीं, राघोबा याच नदीच्या वरच्या अंगास कोपरगांवीं वारले. ही वीस वर्षें चित्रपटांत येतीं, तर तो शोकांतिकेच्या पदवीस पोंचला असता.

४. निकालाचें फळ

पंचवीसएक वर्षांमागें आम्हीं शाळेंतील मुलांस हा चित्रपट दाखविला. खेळ संपल्यावर नववींतल्या एका मुलानें विचारलें, "गुरुजी, मग राघोबाला मारलें का?" आम्हीं सांगितलें, "नाहीं." तो म्हणाला, "मग शास्त्र्यांनीं सांगून उपयोग काय झाला?"

ऐतिहासिक उत्तर देणें सोपें होतें. शास्त्रीबुवा पुणें सोडून वाईजवळ पांडववाडीस जाऊन राहिले. पुढें बारभाईंच्या कारभारांत पुन्हां न्यायाधीश झाले. कटांतल्या कित्येकांस देहदंड झाला. राघोबा इंग्रजांच्या आश्रयास गेले, व १७८२ च्या सालबाईच्या तहानंतर पेन्शन घेऊन राहिले. हें सर्व आम्हीं सांगितलें. मुलाचें समाधान झालें नाहीं, आणि खरें सांगावयाचें तर आमचेंहि झालें नाहीं.

त्याचें कारण आमच्याच आयुष्यांत होतें. कित्येक वर्षांपूर्वीं आम्ही ज्या शाळेंत होतों तेथील दाखलखारिज रजिस्टरांत एका विद्यार्थ्याच्या जन्मतारखेचा एक आंकडा पालटण्यांत आला. पालटणारा हात आमचा नव्हता. परंतु ती नोंद मूळची आमच्या हातची होती, पालटलेली आम्हांस दिसली, आणि आम्ही गप्प राहिलों. दुसरे दिवशीं नेहमींच्या वेळीं शाळेंत गेलों व रघुवंशाचा सर्ग शिकविला. तेव्हां 'अनुमति देणारा' या शब्दाचा अर्थ आम्हांस कोशांत पाहण्याची गरज उरलेली नाहीं.

म्हणून त्या मुलाच्या प्रश्नाचें आमचें आजचें उत्तर असें आहे. रामशास्त्र्यांच्या निकालानें राघोबांचा केंसहि वांकडा झाला नाहीं. परंतु तो निकाल झाला नसता तर 'धरावें' हाच इतिहास उरला असता, व दोष कोणाचाच नव्हता असें ठरलें असतें. अंमल न झालेला निकालहि नोंदीच्या रूपानें राहतो, आणि नोंद खरी राहिली म्हणजे पुढच्यांस तिचा आधार घेतां येतो. कागद राखणाऱ्या मंडळींस हें समजावून सांगण्याची आवश्यकता नाहीं.

हा चित्रपट १९४४ सालीं आला, हेंहि ध्यानांत घ्यावें. ऑगस्ट १९४२ पासून काँग्रेसचे पुढारी तुरुंगांत होते. गांधीजी मे १९४४ मध्यें सुटले. अशा वेळीं सत्ताधीशास त्याच्याच दरबारांत 'तूं अपराधी आहेस' असें म्हणणारा न्यायाधीश पाहून प्रेक्षक केवळ पेशवाईचाच विचार करीत असतील, असें आम्हांस वाटत नाहीं. अठराव्या शतकाविषयीं या चित्रपटाची साक्ष कच्ची आहे. १९४४ च्या महाराष्ट्राविषयीं ती पक्की आहे.

५. विनंति

शेवटीं संग्राहकांस विनंति. जुने चित्रपट ज्या नायट्रेट फितींवर असत त्या पोथीहून नाजूक असतात. कुजतात व भडकन पेटतात. बाबूराव पेंटरांच्या १९२५ च्या 'सावकारी पाश' या मूकपटाची प्रत आज उपलब्ध नाहीं. जानेवारी २००३ मध्यें पुण्यांत नायट्रेट फितींच्या कोठारास आग लागून पुष्कळ मूळ फिती गेल्या. पुण्यांत १९६४ सालीं स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयानें पुष्कळ राखिलें, परंतु फितीबरोबरचा कागद राखण्याचें काम आपणांसारख्यांचें आहे. थिएटरांत विकल्या जाणाऱ्या गाण्यांच्या पुस्तिका, जाहिराती, भित्तिपत्रकें, संवादांच्या वह्या रद्दीवाल्याकडे जातांना आपण पाहतों व मोडी कागद नाहीं म्हणून सोडून देतों. त्या घ्याव्यात. मराठी व हिंदी 'रामशास्त्री' शेजारीं ठेवून कोणता प्रसंग कोठें वाढला व कोठें गळला याची पाठभेदांची यादी करावी. ज्या कथेंत एका अक्षराच्या पालटानें एवढा अनर्थ झाला असें लोक मानतात, त्या कथेच्या प्रतीच आपण न जुळवितां सोडून द्याव्या, हें आपल्या मंडळास शोभणारें नाहीं.

कुंभार पिंपळगांव, जि. जालना.