काटा दुप्पट, कण निम्मे

विज्ञान प्रदर्शनातला कणत्वरकाचा तक्ता बहुधा असा असतो : व्होल्टेजचा मोठा आकडा, आयनझोताची तांबडी रेघ, आणि शेवटी धातूची पट्टी व तिला जोडलेला मीटर. 'येथे झोताचा प्रवाह मोजतात' एवढे लिहिले की विषय संपला! आमचा आक्षेप या शेवटच्या टोकाला आहे.

धन आयन पट्टीवर आदळले की तिच्यातून इलेक्ट्रॉन बाहेर उडतात. ऋण भार बाहेर जाणे मीटरला धन भार आत आल्यासारखेच वाटते. एकेक जड आयन अनेक इलेक्ट्रॉन उडवू शकतो. म्हणजे ही चूक किरकोळ नव्हे. म्हणून पट्टीऐवजी खोल पेला वापरतात. त्याला फॅरेडे कप म्हणतात. त्याच्या तोंडाशी काहीशे व्होल्ट ऋण दाबाचे कडे असते. ते या मंद इलेक्ट्रॉनांना परत आत लोटते.

नागपूरच्या शिक्षकांना पर्जन्यमापकाचे उदाहरण देता येईल. त्याचे नरसाळेही थेंब उसळून बाहेर जाऊ नयेत म्हणून खोल असते. मात्र थेंब उसळले तर पाऊस कमी भरतो. इलेक्ट्रॉन उसळले तर प्रवाह जास्त दिसतो. असे का, हे विद्यार्थ्यांनाच विचारावे.

बरे, प्रवाह अचूक मोजला तरी कण मोजले गेले का? मुंबईत ट्रॉम्बे येथे भाभा अणुसंशोधन केंद्राने जुन्या ५.५ दशलक्ष व्होल्टच्या व्हॅन-डी-ग्राफ यंत्राचे रूपांतर करून 'फोटिया' हा कणत्वरक उभारला. त्यातून पहिला झोत २००० साली मिळाला. त्यात ऋण आयन शिरतात, वाटेत त्यांचे इलेक्ट्रॉन काढून घेतले जातात आणि धन आयन बाहेर पडतात. समजा, अशा यंत्रात एकेरी ऋण भाराच्या कार्बन आयनांचा १ मायक्रोअँपिअर झोत शिरला आणि चौपट धन भाराच्या आयनांचा २ मायक्रोअँपिअर झोत बाहेर पडला. काटा दुप्पट सरकला. पण २ भागिले ४ म्हणजे अर्धा! सेकंदाला सुमारे ६.२५ लाख कोटी कण शिरले, निम्मेच पोचले.

नमुन्यावर किती आयन पडले यावर ज्याचे उत्तर ठरते, अशा प्रत्येक प्रयोगात ही गफलत थेट उत्तरात उतरते. तेव्हा तक्त्यावर मीटरशेजारी दोन प्रश्न लिहावेत : इलेक्ट्रॉन अडवले का? प्रत्येक कणावर भार किती? काटा भार मोजतो. कण आपल्यालाच मोजावे लागतात.