राक्षसाने क्षमा का करावी?

‘सर, तुम्हीसुद्धा असले सिनेमे बघता?’ आमच्या अभ्यासवर्गाला नियमाने येणाऱ्या एका कार्यकर्त्याने मला हा प्रश्न केला, तेव्हा माझ्या मोबाइलवर गिलेर्मो देल तोरोच्या ‘फ्रँकेन्स्टाइन’चा ट्रेलर चालू होता. त्याच्या आवाजात तक्रार होती. चळवळीतल्या माणसाने अमेरिकन भांडवलाने पोसलेल्या भुताखेतांत आणि उडत्या वीरपुरुषांत रमावे, हे त्याला पटत नव्हते. मी ते सिनेमे बघतो. इतकेच नव्हे, तर ते येण्याआधी महिनोन्महिने त्यांची वाट बघतो. तारीख जाहीर झाली का, राक्षसाचा चेहरा दाखवला की लपवला, याची मला उत्सुकता असते. त्या दिवशी मी त्याला हसून टाळले. ते बरोबर झाले नाही.

राक्षस हा शब्द आपल्याला परका नाही. तो आपल्याच पूर्वजांना चिकटवण्यात आला. महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’त दैत्यांच्या आणि अवतारांच्या कथा उलट्या बाजूने वाचून दाखवल्या, तेव्हा त्यातून बळीराजा उभा राहिला. वाचनाची ही रीत ज्याला ठाऊक आहे त्याने दुसऱ्या देशातला राक्षस पडद्यावर आला की तोंड फिरवू नये. त्याला राक्षस कुणी ठरवले, एवढे तरी विचारावे.

वीरपुरुषांबद्दल मात्र त्या कार्यकर्त्याचे म्हणणे मला बरेचसे मान्य आहे. रक्तपिपासूंचा काळा शिकारी ‘ब्लेड’ मार्व्हलच्या चित्रकथांत १९७३ साली आला. २०१९च्या जुलैत सॅन डिएगोच्या मेळाव्यात माहेर्शाला अलीला मंचावर उभे करून त्याच्या नव्या चित्रपटाची घोषणा झाली. मी इथे बसून हरखलो. मग दिग्दर्शक बदलले, तारखा बदलल्या, आणि २०२४च्या ऑक्टोबरात तो वेळापत्रकातूनच काढून टाकला. अनुशेषाच्या जागांच्या जाहिराती ज्यांनी वर्षानुवर्षे वाचल्या त्यांना ही भाषा नवी नाही. गंमत अशी, की या चित्रपटासाठी जमवलेले जुन्या काळचे कपडे रायन कूगलरच्या ‘सिनर्स’ला (२०२५) मिळाले. तिथे १९३२च्या मिसिसिपीतली काळी माणसे आपल्या माणसांनी उभारलेल्या नाचघरात नाचतात आणि रक्तपिपासू दारात उभे राहून आत येण्याची परवानगी मागतात. पंचवीस वर्षांनी चित्रपटाची मालकी आपल्याकडे परत यावी, असा करार कूगलरने करून घेतला आहे. एखादा वीरपुरुष बहाल करण्याच्या वचनापेक्षा मला हा करार मोलाचा वाटतो.

पण माझे मन खरे गुंतले आहे ते फ्रँकेन्स्टाइनच्या राक्षसात. मेरी शेलीची कादंबरी १८१८ सालची. व्हिक्टर प्रेतांच्या तुकड्यांतून एक जीव घडवतो, त्याला बघताच पळून जातो, त्याचे नावसुद्धा ठेवत नाही. हा जीव एका झोपडीला लागून असलेल्या आडोशात लपतो. फटीतून आत बघतो. आत एका परदेशी मुलीला भाषा शिकवत असतात. ते ऐकत ऐकत हा बोलायला आणि वाचायला शिकतो. मी हे प्रकरण एम. ए.ला असताना वाचले आणि पुस्तक मिटून बसलो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढले नव्हते. माझा आजा शाळेच्या ओट्याखाली बसून पाढे ऐकत असे. ते त्याला म्हातारपणीही पाठ होते; अंक मात्र लिहिता येत नव्हते. आमच्या परीक्षेच्या गाइडात या कादंबरीचे सार ‘विज्ञानाचे दुष्परिणाम’ असे दिले होते. भिंतीबाहेरून शिकणाऱ्याचा त्यात उल्लेखही नव्हता.

पुढे तो झोपडीतल्या आंधळ्या म्हाताऱ्याशी बोलतो. म्हातारा माणुसकीने वागतो, कारण त्याला दिसत नाही. घरची डोळस मंडळी येताच काठीचा मार बसतो. इथे मला त्यांच्यातला आणि आपल्यातला फरक जाणवतो. त्यांच्या राक्षसाचा गुन्हा चेहऱ्यावर लिहिलेला आहे. आमच्याकडचा आंधळा म्हातारा आधी आडनाव विचारील.

१९३१च्या जेम्स व्हेलच्या चित्रपटाने या जिवाची वाचाच काढून घेतली. वर त्याच्या कवटीत गुन्हेगाराचा मेंदू बसवला. म्हणजे तो असा का झाला, हा प्रश्नच मिटला. तो मुळातच तसा! सुरुवातीच्या नामावलीत राक्षसापुढे नटाचे नाव नाही, प्रश्नचिन्ह आहे. बोरिस कार्लॉफने नुसत्या हातांनी जे कारुण्य उभे केले ते थोरच. पण मुका राक्षस प्रस्थापितांना सोयीचा असतो. तो बोलू लागला की हिशेब मागतो, आणि मग त्याची भाषा आक्रस्ताळी आहे, तिच्यात कलात्मक संयम नाही, अशी समीक्षा सुरू होते. आपण ती मराठीत पुरेशी ऐकली आहे.

म्हणून देल तोरोच्या चित्रपटाची मी एवढी वाट पाहिली. तो २०२५च्या अखेरीस आला. आम्ही आठदहा जणांनी तो माझ्या घरी बसून पाहिला. तक्रार करणारा कार्यकर्ताही होता. अर्धी कथा व्हिक्टरची, अर्धी त्या जिवाची, आणि जेकब एलॉर्डीचा जीव स्वतःची बाजू स्वतः सांगतो. इथपर्यंत मी तृप्त होतो. मग लक्षात आले, की कादंबरीतल्या राक्षसाचे बहुतेक गुन्हे चित्रपटाने त्याच्या अंगावरून उतरवून ठेवले आहेत. कादंबरीत तो सूड म्हणून निरपराध पोराला मारतो, एका मोलकरणीला फासावर पोहोचवतो, लग्नाच्या रात्री एलिझाबेथचा गळा आवळतो. चित्रपटात एलिझाबेथ व्हिक्टरच्याच गोळीने मरते. छळलेला माणूस निष्कलंक असेल तरच त्याला सहानुभूती, ही अट मला ओळखीची वाटली.

आणि शेवट! कादंबरीतला व्हिक्टर आपल्या वागण्यात दोष दिसत नाही असे म्हणत मरतो. जीव त्याच्या प्रेतापाशी रडतो, स्वतःला शिव्याशाप देतो. पण सगळ्यांनी मला छळले असता गुन्हेगार मी एकटाच का, हेही विचारतो. चित्रपटातला व्हिक्टर मरणशय्येवर त्याला मुलगा म्हणतो, क्षमा मागतो, आणि तो ती देऊन टाकतो. वर बर्फात अडकलेले जहाज ढकलून मोकळे करतो. मरणाऱ्याला क्षमा मागायला काय खर्च येतो? ज्याला मरताही येत नाही त्याने मात्र ती द्यायची आणि पुन्हा जहाजही ढकलायचे.

तो कार्यकर्ता मला म्हणाला, ‘सर, त्याने व्हिक्टरसाठी माफ केलं नाही. त्याच्या ओझ्यातून सुटायला केलं.’ मला हे पटलेले नाही, पण खोडताही आलेले नाही. आम्ही रात्री दीडपर्यंत भांडलो.

तेवढ्यात बी. ए.च्या दुसऱ्या वर्षातल्या एका मुलीने विचारले, ‘आणि त्याच्या बायकोचं काय, सर?’ कादंबरीत व्हिक्टर तिला घडवता घडवता फाडून टाकतो. १९३५च्या ‘ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन’मध्ये ती जिवंत होते, पण तिच्या वाट्याला एक शब्द नाही, नुसत्या किंकाळ्या. मॅगी जिलेनहालने तिच्यावर ‘द ब्राइड!’ केला आहे. तो आम्ही सगळे मिळून बघणार आहोत. ट्रेलर त्या मुलीने मला आधीच दोनदा दाखवला आहे.