खंजिरीचे ऋण

कलासंस्थेच्या सेवेचे मोजमाप करावयाचे झाले, की आपण तिचे नाट्यगृह, तिची पारितोषिके आणि तिच्यातून पुढे आलेले नामवंत कलावंत यांची यादी करू लागतो. या मापाने पाहिल्यास वरूड-मोर्शीच्या संत्र्याच्या पट्ट्यातील सर्वांत मोठी कलासंस्था कोणाच्या नजरेस पडणारच नाही. तिला रंगमंच नाही, पडदा नाही, तिकीट नाही. देवळापुढचा ओटा किंवा कोणाचे तरी अंगण, दोन-तीन खंजिऱ्या, एक पेटी, टाळ आणि दिवसभर शेतात राबून आलेली दहा-वीस माणसे, एवढाच तिचा संसार. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी उभारलेल्या श्रीगुरुदेव सेवा मंडळाची ही गावोगावची भजनमंडळे. त्यांच्याविषयी श्रद्धेने पुष्कळ बोलले जाते. कला म्हणून त्यांचा विचार मात्र क्वचितच होतो. तो करण्याचा आमचा हा अल्प प्रयत्न आहे.

तुकडोजी महाराजांचा जन्म १९०९ साली अमरावती जिल्ह्यातील यावलीचा. शालेय शिक्षण बेताचे. पण वरखेडच्या आडकोजी महाराजांच्या सहवासात भजनाचे वेड लागले आणि हाती खंजिरी आली ती कायमची. १९३५ साली अमरावती-नागपूर रस्त्यावरील मोझरीस त्यांनी गुरुकुंज आश्रम स्थापन केला. १९४२ च्या चळवळीत यावली, आष्टी आणि आमच्या वरूड तालुक्यातील बेनोडा या गावांनी रक्त सांडले. त्याच वर्षी महाराजांनाही अटक होऊन नागपूर व रायपूर येथील तुरुंगांत ठेवण्यात आले. ज्या भजनांची धास्ती परकीय सरकारास वाटली, ती भजने सामान्य माणसाच्या मनावर केवढी पकड घेत असली पाहिजेत, हे निराळे सांगावयास नको.

या पकडीचे रहस्य कशात आहे? आमच्या मते ते भजनाच्या रचनेत आहे. खंजिरी हे एका हातात धरून दुसऱ्या हाताने वाजवावयाचे, कडेला झांजा असलेले लहानसे वाद्य. त्याला ना बैठक लागते, ना साथीदारांचा ताफा. भजनाचे चरण आखूड, ध्रुवपद सोपे, चाल कानाला लगेच ओळखीची वाटणारी. मुख्य गायक ओळ टाकतो आणि समूह ती उचलतो. चुकणाऱ्याला समूह सांभाळून घेतो. पुढच्या आवर्तनात तोही बरोबर गाऊ लागतो. अशा रीतीने येथे शिकणे आणि सादर करणे एकाच वेळी घडते. याच मातीत जन्मलेले गाडगेबाबा आपल्या कीर्तनात प्रश्न विचारीत आणि श्रोत्यांकडूनच उत्तर वदवून घेत. श्रोत्याला मुका बसू न देणे, ही वऱ्हाडच्या भक्तिकलेची खूण आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

समीक्षकाच्या भूमिकेतून दोष दाखवणेही आमचे कर्तव्य ठरते. या रचना कागदावर वाचल्या, तर पुष्कळ ठिकाणी उपदेश कवितेवर मात करतो. तोच विचार पुन्हा पुन्हा येतो, प्रतिमा थोड्या आढळतात. ‘ग्रामगीते’च्या एकेचाळीस अध्यायांत गावाची स्वच्छता, आरोग्य, श्रम, लग्न, अंत्यसंस्कार असे विषय ओवीत बांधलेले आहेत. त्यांतील काही भाग काव्यापेक्षा हितोपदेशाजवळचा वाटतो, हे मान्य केले पाहिजे. परंतु जे गाण्यासाठी जन्मले, त्याचा निवाडा केवळ वाचून करणे अन्यायाचे होईल. कागदावर कंटाळवाणी वाटणारी पुनरुक्ती समूहाच्या तोंडी आली म्हणजे तिची लय होते, आणि सफाईचा उपदेश गाणारा माणूस दुसऱ्या दिवशी हाती झाडू घेतो. गाणे आणि करणे यांतील अंतर इतके कमी करणाऱ्या रचनेस निकृष्ट म्हणण्याचे धैर्य आम्हांस होत नाही.

आम्हां कॅथॉलिक कुटुंबांना या परंपरेचे एक विशेष अगत्य वाटावयास हवे. १९५५ साली अमरावती धर्मप्रांत स्थापन झाला. त्याच वर्षी तुकडोजी महाराज विश्वधर्म परिषदेसाठी जपानला गेले. त्या काळी आपली मिस्सा लॅटिन भाषेत होत असे. गायकवृंद गाई आणि बहुसंख्य भाविक मूकपणे ऐकत. पुढे दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६३ साली उपासनेविषयीचा आपला दस्तऐवज प्रसिद्ध केला. भाविकांनी उपासनेत जाणिवेने आणि सक्रियपणे सहभागी व्हावे, लोकभाषेस वाव मिळावा, प्रत्येक समाजाच्या संगीतपरंपरेची कदर व्हावी, असा आग्रह तिने धरला. आम्ही या आग्रहाचे स्वागत केले, पण शेजारच्या गावात सामुदायिक प्रार्थनेच्या रूपाने तो कित्येक वर्षे आधीपासून आचरणात होता, याकडे आमचे पुरेसे लक्ष गेले नाही. आपल्या मराठी भक्तिगीतांत आज पेटी, तबला आणि टाळ सहजपणे येतात. त्या सहजतेस लागणारा कान या मातीने आपल्याला आधीच दिला होता. हे ऋण मोकळ्या मनाने मान्य करावयास हवे.

याचा अर्थ सर्वच बाबतींत आमचे एकमत आहे, असा नव्हे. गुरुकुंजाचे द्वार सर्व धर्म-पंथांच्या माणसांस खुले असल्याची ग्वाही महाराजांनी दिली. १९६४ साली विश्व हिंदू परिषदेच्या स्थापनेतही त्यांचा सहभाग होता. या दोन गोष्टींचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न आमच्यापैकी अनेकांच्या मनात उभा राहतो, आणि तो दडवून सन्मान करणे आम्हांस प्रामाणिकपणाचे वाटत नाही. परंतु शेजाऱ्याचा गौरव करण्यासाठी त्याच्या प्रत्येक मताशी सहमत व्हावे लागत नाही. त्याने आपल्या गावासाठी जे केले, ते पाहण्याची दृष्टी असली म्हणजे पुरे.

आजची स्थिती मात्र चिंता वाटावी अशी आहे. ध्वनिक्षेपक मोठा झाला आणि समूहाचा आवाज त्याखाली दबू लागला. स्पर्धांमुळे खंजिरी वाजविण्यात कौशल्य आले, हे खरे; पण कौशल्य वाढले म्हणजे नवशिका मागे सरतो आणि कुशल चौघे गाऊन इतर ऐकत बसतात. ध्वनिमुद्रित भजन लावून दिले, की गाण्याची गरजच उरत नाही. हा दोष केवळ भजनमंडळांचा नव्हे. आपल्या देवळांतही कीबोर्ड आणि मायक्रोफोन यांच्या साहाय्याने गायकवृंद उत्तम गातो आणि बाकांवरील मंडळी पुन्हा श्रोते होऊन बसतात. लॅटिनच्या काळी भाषा येत नव्हती म्हणून आपण मुके होतो. आज भाषा आपली आहे, गीत आपले आहे आणि तरीही ओठ मिटलेले आहेत. आमच्या दृष्टीने याहून मोठी हानी दुसरी नाही.

११ ऑक्टोबर १९६८ रोजी तुकडोजी महाराज निवर्तले. त्यांच्या पुण्यतिथी महोत्सवात गुरुकुंजास प्रचंड जनसमुदाय लोटतो आणि त्यांच्या निर्वाणाच्या वेळी, सायंकाळी चार वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी, सारा समुदाय मौन धारण करतो. आयुष्यभर गात आलेली ही माणसे आहेत, म्हणूनच त्यांच्या मौनाला वजन आहे. ज्यांनी कधी तोंडच उघडले नाही, त्यांच्या गप्प राहण्याला असा अर्थ येत नाही.

अनेक दशके ज्या संस्थेने शेतमजुराला, विणकराला, गृहिणीला गायक बनविले, तिचा सन्मान शाल-श्रीफळाने उरकणे बरे दिसणार नाही. आमची वाचक कुटुंबांस एवढीच विनंती आहे : गावात भजन चालू असेल तेव्हा वाटेवर क्षणभर थांबावे, ती माणसे एकमेकांना कशी सांभाळून घेतात ते पाहावे, आणि येत्या रविवारी आपल्या देवळात गीत सुरू झाले, की सूर लागो वा न लागो, मुलाबाळांसह मोठ्याने गावे.