नर-नमुन्यापुरते वर्णन : श्रीलंकेतील कॅडिस माश्यांच्या जाती-वर्णनपद्धतीची चिकित्सा

ट्रायकॉप्टेरा म्हणजे केसाळ पंखांच्या कीटकांचा गण. व्यवहारात त्यांना कॅडिस माश्या म्हटले जाते. वस्तुतः त्या माश्या नसून पतंग-फुलपाखरांच्या निकटच्या नातलग होत. जगभरात त्यांच्या १६,००० हून अधिक जातींची नोंद झालेली आहे आणि उष्ण कटिबंधातील बेटांवरून नव्या जातींची भर पडतच असते. नव्या जातीचे वर्णन हा संशोधनलेखाचा सर्वांत जुना व सर्वांत कमी तपासला गेलेला प्रकार आहे. असे वर्णन नेमके कशाचे वर्णन करते, ह्या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात श्रीलंकेच्या संदर्भात केला आहे.

हेर्मान हागेन यांनी १८५८ मध्ये सिलोनच्या न्यूरोप्टेरांचा आढावा जर्मन भाषेत प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला. कॅडिस माश्या त्या काळी ह्याच गणात मोडत. हागेन पुढे अमेरिकेतील हार्वर्ड येथे गेले व त्यांचा संग्रहही तेथील संग्रहालयात गेला. बरोबर शंभर वर्षांनी, १९५८ मध्ये, फर्नांड श्मिड यांचा सिलोनच्या कॅडिस माश्यांवरील विस्तृत प्रबंध फ्रेंच भाषेत प्रसिद्ध झाला. श्मिड यांनी नराच्या जननांगांच्या सूक्ष्म आकृत्यांवर भर दिला. त्या आकृत्यांचे मोल कमी लेखता येणार नाही. तथापि ज्या बेटावरील ओढ्यांचे हे कीटक, तेथील सिंहली वा तमिळ विद्यार्थ्याला दोन युरोपीय भाषा आणि एक परदेशी संग्रहालय ओलांडूनच त्यांच्यापर्यंत पोहोचावे लागते, हेही विसरता येत नाही.

रूढ पद्धती साधारणतः अशी आहे. रात्री ओढ्याकाठी दिवा लावला जातो. प्रकाशाकडे आलेले कीटक अल्कोहोलमध्ये टिपले जातात. नराच्या उदराचे टोक कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात स्वच्छ करून सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे रेखाटन होते. माद्या परस्परांसारख्या दिसत असल्याने बहुधा बाजूला ठेवल्या जातात. प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेची चौथी आवृत्ती २००० पासून लागू झाली. तीनुसार नव्या जातीसाठी वेगळेपण सांगणारे वर्णन, आधारभूत नमुन्याची स्पष्ट निवड व तो कोठे ठेवला ह्याचा निर्देश आवश्यक आहे. मादी किंवा अळी ह्यांच्याविषयी संहितेची सक्ती नाही. परिणामी अनेक जाती केवळ एका नराच्या आधारे ‘ज्ञात’ ठरतात. कॅडिस माशीचे बहुतांश आयुष्य पाण्यातील अळीच्या रूपात जाते. पंख असलेली अवस्था अल्पकाळ टिकते. म्हणजे वर्णन होते ते ह्या अल्पकाळाचे.

उलट बाजूची फसगतही इतिहासात नमूद आहे. आयझॅक लिआ यांनी १८३४ मध्ये वाळूच्या कणांचे शंखाकृती घरकुल पाहून गोगलगाईची नवी जाती वर्णिली. ते कॅडिस अळीचे घर निघाले! केवळ घर पाहणे जितके अपुरे, तितकेच केवळ घर सोडून गेलेल्याला पाहणेही अपुरे.

हा वाद केवळ वर्गीकरणशास्त्रज्ञांचा नाही. पाण्याची गुणवत्ता तपासताना जाळीत सापडते ती अळी. भारतात केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची जैविक निकषपद्धती कीटकांना कुळाच्या पातळीवर गुण देते. जाळे विणणाऱ्या हायड्रोप्सायकिडी कुळात प्रदूषण सोसणाऱ्या आणि न सोसणाऱ्या अशा दोन्ही प्रकारच्या जाती आहेत. अळीवरून जात ओळखता येत नसेल, तर हा भेद गुणांकात उतरत नाही.

जंगले व ओढे नष्ट होत असताना किमान नाव तरी नोंदवावे, असा रूढ पद्धतीचा बचाव केला जातो. तो पूर्णतः अमान्य करता येत नाही. मात्र नाव आणि अळी ह्यांची सांगड घालणे वाटते तितके खर्चीक नाही. मार्जरी मिल्न यांनी १९३८ मध्येच मार्ग दाखविला होता : परिपक्व कोशात प्रौढ नराची जननांगे पूर्ण घडलेली असतात आणि अनेक कुळांत अळीच्या टाकलेल्या कठीण कवचाचे तुकडेही त्याच घरकुलात शिल्लक राहतात. एकाच कोशातून दोन्ही अवस्थांचा पुरावा मिळतो. डीएनए-तुलनेने हेच काम आता होते. पण त्यासाठी सुसज्ज प्रयोगशाळा लागते, मिल्न यांच्या पद्धतीला लागत नाही.

पश्चिम घाट व श्रीलंका ह्यांची गणना एकाच जैवविविधता-क्षेत्रात होते. सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागाला ह्या कामासाठी पांढरा ट्रे, चिमटा, अल्कोहोल, साधा सूक्ष्मदर्शक आणि वर्षभर एकाच ओढ्यावर जाण्याची चिकाटी पुरेशी आहे.